दोष अंगठ्याचा नव्हता

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीत मराठी भाषा गौरव दिन साजरा झाला. पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राध्यापक आले होते. बोलले छान. पण शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी नेहमीचा हातोडा काढला. "या मोबाईलच्या पिढीने आपली लिपी मोडली. देवनागरी सोडून रोमनमध्ये मराठी लिहायची सवय ह्यांनी लावली. का? तर आळस!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या काकांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू १९९९ सालापासूनचे सगळे रोमन एसेमेस मी एकट्यानेच पाठवलेत.

तिथे काही बोललो नाही. वडापाव गार होत होता आणि पाहुण्यांचा अपमान करायची आपल्याकडे पद्धत नाही. पण आज शनिवार आहे, चहा घेऊन निवांत बसलोय, आणि आता बोलणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मराठी माणसाने मोबाईलवर रोमन लिपी निवडली नाही. त्याला निवडायला दिलंच नव्हतं. निवड आधीच झाली होती, आणि ती करणारे लोक कॉलेजच्या कट्ट्यावर नव्हते. ते माझ्यासारखे होते. म्हणजे इंजिनियर.

आता जरा मागे जाऊ. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी उजळणी, ज्यांनी पाहिला त्यांनी खुशाल उसासे टाकावेत.

फोनला बारा बटणं. त्यातल्या २ ते ९ या आठ बटणांवर इंग्रजीची २६ अक्षरं. 'सी' हवा तर २ तीनदा दाबायचं, 'एस' हवा तर ७ चार वेळा. "कुठे आहेस" हे रोमनमध्ये लिहायला स्पेससकट एकोणीस वेळा बटण दाबावं लागायचं. मी आत्ताच कागदावर मोजलं. त्यात लागोपाठची दोन अक्षरं एकाच बटणावर आली की मध्ये क्षणभर थांबायचं, नाहीतर भलतंच अक्षर उमटायचं. तरीही कॉलेजची पोरं बाकाखाली हात घालून, फोनकडे न बघता, सरांच्या डोळ्यांत डोळे घालून आख्खा मेसेज लिहायची. ह्याला आळस म्हणायचं असेल तर कष्ट कशाला म्हणायचं ते प्राध्यापकांनी सांगावं.

मग आलं टी-नाईन. सिॲटलच्या टेजिक कंपनीची ही करामत. प्रत्येक अक्षरासाठी बटण एकदाच दाबायचं, शब्द कुठला ते फोन आपल्या कोशातून ओळखणार. कल्पना फार हुशार होती, पण कोश इंग्रजी! 'आई' रोमनमध्ये लिहायला २-२-४, आणि 'बॅग' लिहायलाही २-२-४. त्यामुळे "आई आली का" असं विचारायला जावं तर फोन विचारायचा "बॅग आली का". 'अहो' लिहायला गेलो तर 'बिन', नाहीतर 'अगो' असं वाचावं लागेल असलं काहीतरी. शेवटी टी-नाईन बंद करून पुन्हा ठोकाठोक सुरू. म्हणजे मराठी माणूस रोमनमध्ये लिहीत होता तेव्हाही त्याला इंग्रजीवाल्यांच्या दुप्पट मेहनत पडत होती. आणि शिव्या मात्र त्यालाच.

"मग देवनागरीत का नाही लिहिलं?" हा पुढचा प्रश्न. इथे खरी गंमत आहे. (गंमत म्हणजे आपली मराठी गंमत, रडू येईल अशी.)

आधी कीपॅडचं बघू. लोक म्हणतात, देवनागरीत अक्षरं जास्त, ती बारा बटणांवर बसणार कशी? अहो, उलट आहे! रोमन अक्षरं कीपॅडवर नुसती ओळीने वाटून टाकलेली आहेत. ए-बी-सी एका बटणावर का? तर ती शेजारी शेजारी येतात म्हणून. त्यात दुसरं काही तर्कशास्त्र नाही. आपली वर्णमाला मात्र मुळातच खणाखणांत लावलेली आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं, उच्चाराच्या जागेप्रमाणे. एका वर्गाला एक बटण दिलं की पहिलीतल्या पोरालासुद्धा 'ध' कुठे सापडेल ते सांगावं लागत नाही. देवनागरी छापलेले कीपॅड बाजारात आले तेव्हा साधारण ह्याच धर्तीवर होते. मात्र कंपनी बदलली की स्वर आणि मात्रांची जागा बदलायची, आणि जोडाक्षरासाठी हलन्त कुठे लपवलाय ते शोधण्यात अर्धा दिवस जायचा.

शिवाय हे सगळं हिंदीच्या हिशोबाने. नोकियाने ३२१० वर हिंदी मेनू आणला २००० साली, आणि २००४ मध्ये हिंदी एसेमेसची सोय. चांगलंच केलं. पण माझ्या एका फोनवर 'दुसऱ्या' आणि 'सुऱ्या' ह्यांतला तो अर्धा र काही केल्या उमटायचा नाही. 'ॲ' ची तर गोष्टच सोडा, ते अक्षर युनिकोडमध्येच आलं २००८ साली.

पण हे सगळं वरवरचं. कीपॅड सुधारता आला असता. खरा दरवाजा आतून बंद होता.

एसेमेसमध्ये मजकुराला जागा असते १४० बाइट. म्हणजे ११२० बिट. ही मर्यादा काही दुष्टपणाने घातलेली नाही. फोनचं नेटवर्क आपापसात निरोपानिरोपी करण्यासाठी जी वाट वापरतं, तिच्यातल्या रिकाम्या जागेतून हे संदेश न्यायचे होते, आणि जागा बेताची होती. जर्मनीच्या फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या इंजिनियरने १९८५ च्या सुमारास टाईपरायटरवर रोजच्यासारखी वाक्यं लिहून पाहिली, मोजली, आणि ठरवलं की १६० अक्षरं पुरतात. ती ११२० बिटांत बसवायला प्रत्येक अक्षराला ७ बिट द्यायचे. सात बिटांचा तक्ता म्हणजे १२८ खणांचा तक्ता. डोकेबाज काम होतं, ह्यात वाद नाही.

आता त्या १२८ खणांत काय काय भरलंय बघा. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं. मग जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्वीडिश लोकांची टिंबवाली आणि टोपीवाली अक्षरं. आणि ग्रीकांची दहा मोठी अक्षरं! डेल्टा, ओमेगा, सिग्मा सगळे व्यवस्थित पाट मांडून बसलेत. युरोपातल्या पंगतीत युरोपातले पाहुणे, ते समजू शकतो. आपल्याला बोलावणंच नव्हतं.

मग आपल्यासारख्यांसाठी सोय काय? तर यूसीएस-२. प्रत्येक अक्षराला १६ बिट. ११२० भागिले १६, बरोबर ७०. म्हणजे रोमनला १६०, देवनागरीला ७०. भाव मात्र तोच. आणि ही ७० 'अक्षरं' म्हणजे तुम्ही आम्ही म्हणतो ती अक्षरं नव्हेत. आपण 'श्री' एक अक्षर म्हणतो, फोन त्याला चार धरतो: श, हलन्त, र आणि वेलांटी. 'ज्ञानेश्वर' म्हणजे दहा. त्याहून वरचा कळस म्हणजे, तुम्ही १५५ अक्षरांचा इंग्रजी मेसेज लिहिला आणि वर प्रेमाने एक 'श्री' टाकलात, की आख्खा मेसेज १६ बिटांचा होतो आणि एकाच्या जागी तीन एसेमेस जातात. एका 'श्री'ची दक्षिणा दोन एसेमेस! आणि एकेक एसेमेसला पैसे मोजायचे ते दिवस होते. दिवाळीला तर पॅकसुद्धा चालायचं नाही, पूर्ण दर पडायचा.

आता सांगा, महिन्याला पन्नास रुपयांचं रिचार्ज पुरवून पुरवून वापरणाऱ्या पोराने काय करायचं होतं? लिपीसाठी तिप्पट पैसे भरायचे होते? आणि ते न भरल्याबद्दल आज त्याला भाषाद्रोही म्हणायचं?

"पण तेव्हा दुसरं तंत्रज्ञानच नव्हतं" असं एक जण नक्की म्हणणार. माझ्याच धंद्यातला असणार तो. साहेब, होतं. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली प्रसिद्ध झालं. जगातला पहिला एसेमेस गेला डिसेंबर १९९२ मध्ये. आमच्या पुण्यातच सी-डॅकमध्ये भारतीय लिप्यांवर तेव्हा जोरात काम चालू होतं. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी राखलेल्या जागा मोजा: १२८. एसेमेसच्या तक्त्यातले खण मोजा: १२८. म्हणजे पहिल्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता ठेवायचा, आणि मेसेजच्या सुरुवातीला "हा वाचा" एवढी खूण टाकायची. खुणेची जागा वजा जाता दीडशेच्या वर अक्षरं बसतात.

हे मी कल्पनेने सांगत नाही. नेमकं हेच पुढे केलं गेलं. २००८-०९ च्या सुमारास मानकात आधी तुर्की भाषेचा तक्ता आला, आणि पाठोपाठ हिंदी, बंगाली, गुजराती, तमिळ, उर्दू वगैरे दहा भारतीय तक्ते. (मराठीचं नाव यादीत नाही, देवनागरी आहे ती हिंदीच्या नावावर. असो.) म्हणजे सात बिटांत देवनागरी बसते हे सिद्ध झालं. फक्त भारतात मोबाईल सुरू झाला १९९५ मध्ये, आणि हा तक्ता आला त्यानंतर चौदा वर्षांनी. तोवर एका पिढीचा अंगठा घडून गेला होता. आणि तो तक्ता चालू असलेला फोन मला आजवर एकही हाताळायला मिळालेला नाही.

अजून एक. तारखात्याने देवनागरी तार सुरू केली १९४९ साली. मोर्सच्या कट्टकडकट्टवर! स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती, देश कफल्लक होता, तरी कुणीतरी बसून ठरवलं की आपल्या माणसाला आपल्या लिपीत तार करता आली पाहिजे. आणि पन्नास वर्षांनी, हातात कॉम्प्युटर असताना, आम्हाला ते सुचलं नाही.

'आम्हाला' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

२००४ मध्ये मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही एसेमेस इकडून तिकडे पोचवणारं सॉफ्टवेअर लिहायचो. मजकूर आत येतो, आमचा प्रोग्रॅम तो तपासतो, पुढे ढकलतो. सात बिटांच्या तक्त्यात नसलेलं अक्षर आलं तर काय करायचं? मी दोन ओळी लिहिल्या होत्या: अशा अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाका. एकदा टेस्टिंगच्या मुलीने देवनागरीत मेसेज पाठवून पाहिला आणि पलीकडे नुसती प्रश्नचिन्हांची रांग उतरली. तिने बग नोंदवला. दुरुस्ती फार मोठी नव्हती. एका खणात ० च्या जागी ८ लिहायचा, मजकूर सोळा बिटांत बदलायचा आणि लांबीचा हिशोब पुन्हा करायचा. दोन दिवसांचं काम. मी टीम लीडला विचारलं. तो म्हणाला, "डिमांड नाहीये रे, क्लोज कर." मी क्लोज केला. शेऱ्यात लिहिलं, "डिझाइनप्रमाणेच चालत आहे."

खरंच होतं ते. डिझाइनप्रमाणेच चालत होतं.

२००६ च्या पावसाळ्यात बाबांना हार्ट अटॅक आला. पुण्यात ॲडमिट केलं. माझी आत्या कराडजवळ गावी असते. सातवी पास, पण वाचनाचं वेड, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी. तिच्या मुलाने तिला एक साधा फोन घेऊन दिला होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी आत्याला फोन लावला तर लागेना, गावात लाईट नव्हते आणि नेटवर्क येऊन जाऊन. म्हणून मेसेज केला. देवनागरी पाठवून उपयोग नव्हता, आधी एकदा पाठवलेला तेव्हा तिच्या फोनवर नुसते चौकोन दिसले होते. म्हणून रोमनमध्ये: "बाबांना आयसीयूतून बाहेर आणलं. काळजी करू नकोस."

आत्याला इंग्रजी येत नाही. पण तीन अक्षरं ती ओळखते: आय, सी आणि यू. मामा गेले तेव्हा कराडच्या हॉस्पिटलात त्या अक्षरांच्या दाराबाहेर ती आठ दिवस बसली होती. मेसेज रात्री तिच्या फोनवर पोचला. वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं. तिला त्या ओळीत तेवढीच तीन अक्षरं कळली. ती रात्रीच्या एसटीत बसली आणि पहाटे स्वारगेटला उतरली. हॉस्पिटलात आली तेव्हा पदर तोंडात धरलेला, पाय लटपटत होते. आणि बाबा उशीला टेकून चहा पीत होते.

"अगं, तू कशी काय आलीस?" बाबा म्हणाले.

ती खाली बसली आणि रडली. मग माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "अरे, मराठीत लिहायचंस की."

मी काय सांगणार होतो तिला? यूसीएस-२ समजावणार होतो? का सांगणार होतो, की आत्या, तुझी डिमांड नाहीये?

तो मेसेज मी नंतर मोजला होता. देवनागरीत ४५ जागा लागतात. सत्तरमध्येसुद्धा बसत होता. पैशाचाही प्रश्न नव्हता. तिच्या फोनमध्ये ती अक्षरं दाखवायची सोय कुणीतरी घातली नव्हती, एवढंच. कुठल्यातरी ऑफिसात माझ्यासारख्याच कुणीतरी बग क्लोज केला असणार.

आता, फोनवाल्यांचीही बाजू आहे, ती मांडली नाही तर मी त्या प्राध्यापकांसारखाच एकतर्फी होईन. ३३१० चा पडदा ८४ बाय ४८ ठिपक्यांचा. त्यात वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर अशी देवनागरी वाचण्यासारखी काढणं सोपं नव्हतं. मेमरी चिमूटभर असायची. आणि त्या फोनांनी खूप दिलंसुद्धा. २००३ चा नोकिया ११०० घ्या. टॉर्च, धूळ न शिरणारी बटणं, चार्जिंग दिवसेंदिवस पुरायचं. माझी आत्या तो अंधारात, चष्म्याशिवाय, नुसत्या बोटाने चाचपून लावायची. पाच या आकड्यावरचा उंचवटा सापडला की झालं. म्हणजे आपल्या माणसाचा विचार करून फोन बनवता येत होता! टॉर्चचा विचार झाला, घामट हाताचा विचार झाला, धुळीचा झाला. फक्त हा माणूस वाचतो कोणत्या लिपीत, हा विचार शेवटी आला.

"डिमांड नव्हती" ह्या युक्तिवादावर तर माझा विशेष राग आहे, कारण मी स्वतः तो वापरलाय. नदीवर पूल नसेल तर पोहत जाणाऱ्यांची संख्या मोजून "पुलाची मागणी नाही" म्हणायचं, त्यातला हा प्रकार. देवनागरीतला मेसेज पलीकडे चौकोन बनून उतरणार हे माहीत झाल्यावर कोण पाठवणार? आणि कुणी पाठवत नाही म्हणून कोण दुरुस्त करणार?

"जाऊ द्या हो, आता स्मार्टफोन आले, प्रश्न मिटला" असंही म्हणाल. अर्धा मिटला. २०१६ मध्ये सरकारने आयएस १६३३३ हे मानक सक्तीचं करायचं ठरवलं: देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर बावीसही भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. उत्तम. पहिल्या कॉलनंतर एकवीस वर्षांनी, पण उत्तम. आज माझी आत्या व्हॉट्सॲपवर देवनागरीत मोठमोठे निरोप पाठवते, आणि बोलून लिहायचं तिला माझ्यापेक्षा छान जमतं. आळस असता तर ती रोमन शिकली असती ना? तिला लिपी मिळाली, ती लिहायला लागली. माझा सगळा युक्तिवाद ह्या एका वाक्यात आहे.

पण बँकेचा एसेमेस अजून तिला इंग्रजीत येतो. वीजबिलाचा, गॅसचा, "खात्यातून एवढे गेले" हा सगळ्यात महत्त्वाचा, सगळे. का? कारण एसेमेसचा तो जुना हिशोब अजून तसाच आहे. रोमन १६०, देवनागरी ७०. लाखो मेसेज पाठवणाऱ्याला मराठीत दुप्पट-तिप्पट खर्च येतो, म्हणून तो पाठवत नाही, आणि आपल्याला सांगतो की ग्राहकाला इंग्रजी चालतं. ज्या मेसेजवर म्हाताऱ्या माणसाची पुंजी अवलंबून आहे, तो त्याला वाचता येऊ नये ही व्यवस्था आपण चालवून घेतो, आणि व्यासपीठावर जाऊन कॉलेजच्या पोरांना झोडपतो.

तर प्राध्यापक महाशयांना नम्र विनंती. पुढच्या भाषा दिनाला त्या दहा मिनिटांत दुसरं काहीतरी मागा. एसेमेसचा दर तुकड्यावर नव्हे, निरोपावर लावा अशी मागणी करा. बँकेने ग्राहकाला विचारून त्याच्या लिपीत मेसेज पाठवावा अशी मागणी करा. टाळ्या कमी पडतील, पण कुणाची तरी पहाटेची एसटी वाचेल.

आणि माझ्या धंद्यातल्या मित्रांनो, तुम्हाला तर विनंतीही नाही, सरळ सांगतो. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या प्रोग्रॅममध्ये नावाच्या रकान्यात 'ज्ञानेश्वर' लिहून बघा. ते जसंच्या तसं परत आलं तर चहा प्या. प्रश्नचिन्हं आली तर बग नोंदवा. आणि कुणी "डिमांड नाही" म्हणालं, तर तो क्लोज करू नका.

मी केला होता. वीस वर्षं झाली, अजून उघडाच आहे.